आईला जमतं

म्हाताऱ्या माणसांना मोबाइलमधलं काय जमतं आणि काय जमत नाही, या विषयावर त्याला कुणी दोन मिनिटं बोलायला सांगितलं तर तो तासभर बोलायचा, आणि नाही सांगितलं तरी बोलायचा. लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांशी, लिफ्टमध्ये अडकलेल्या शेजाऱ्यांशी, एकदा तर दातांच्या डॉक्टरांशी, त्यांचा हात याच्या तोंडात असताना. धंद्याने डिझायनर. मोबाइलच्या स्क्रीनवर कुठलं बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, रंग कुठला असावा, हे ठरवायचं काम. वय चाळिशीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे, आणि म्हातारपणाचा अनुभव शून्य. पण आव असा, की जणू हा गृहस्थ एकदा म्हातारा होऊन, सगळं बघून, परत आलाय.

त्याच्या कंपनीने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी औषधांचं ॲप करायला घेतलं होतं. गोळीची वेळ झाली की फोन वाजणार. गोळी घेतली की एक बटण दाबायचं, बरं वाटत नसेल तर दुसरं, ते दाबलं की थेट दवाखान्यात फोन. एका मोठ्या दवाखान्याला ही कल्पना पसंत पडली होती. पण त्यांनी अट घातली. शुक्रवारी एका ज्येष्ठ व्यक्तीने आमच्यासमोर, कुणाच्याही मदतीशिवाय हे वापरून दाखवायचं. जमलं तर काम तुमचं, नाही तर दुसरी कंपनी दारात उभीच आहे.

"हे काम गेलं तर आपला विभाग बंद," ऑफिसच्या प्रमुख बाईंनी त्याला सांगून टाकलं. "तू जाहिरातींकडे. चपलांच्या सेलची चित्रं काढत बस."

"काळजीच करू नका," तो म्हणाला. "आईला आणतो. आईला जमतं."

आईला जमतं! हे वाक्य त्या ऑफिसात इतक्या वेळा उच्चारलं गेलं होतं, की चहाचं मशीनसुद्धा ते म्हणू शकलं असतं. एखाद्याने शंका काढली की याचं उत्तर तयार. बटण लहान आहे? आईला जमतं. पायऱ्या जास्त आहेत? आईला जमतं. आणि खोटं नव्हतं ते. चौऱ्याहत्तर वर्षांची त्याची आई फोन हातात घ्यायची आणि अंगठा असा सफाईने फिरवायची, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. याला स्फुरण चढायचं. रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून तो सांगायचा, "हे बघ आई, खालच्या कडेला अंगठा टेकव, आता दोन बोटं वर, तिथे दाब," आणि ती दाबायची, आणि फोन थरथरायचा, आणि दोघं खूश.

बाहेरची माणसं मात्र एवढी खूश नव्हती. ऑफिसात एक चाचणीवाली होती. अनोळखी ज्येष्ठांना बोलवायचं, त्यांच्या हातात ॲप द्यायचं आणि ते कुठे अडतात हे बघत बसायचं, हे तिचं काम. तिच्याकडे आलेला एक निवृत्त बसचालक सगळा वेळ कंपनीचं बोधचिन्हच दाबत बसला, कारण अख्ख्या स्क्रीनवर त्याला दिसलं तेवढंच. एका मावशींनी फोन उलटासुलटा करून पाहिला आणि "बंद आहे वाटतं" म्हणत तो पर्समध्ये ठेवून दिला. चाचणीवालीचाच फोन होता तो.

"तुझी अक्षरं दिसत नाहीत," ती म्हणाली. "पांढऱ्यावर फिकट करडी. कोण वाचणार?"

"त्याला शांत रंगसंगती म्हणतात. माझ्या आईला विचारलं मी, स्क्रीन कशी वाटते. म्हणाली, किती शांत आहे. हा शब्द मी काही तिच्या तोंडात घातलेला नाही."

"तुझी आई तुझी आई आहे. तिचं मत धरायचं नसतं."

याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या आईचं मत धरायचं नाही? चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती! त्या दिवशी तो चाचणीवालीशी बोललाच नाही.

घरीही सूर तोच. बायको एकदा म्हणाली, "आईंचे डोळे दाखवून आणायला हवेत. जिन्यात चाचपडतात. पुस्तक तर हातात धरत नाहीत हल्ली."

"अगं, ती माझं ॲप चालवते!" तो म्हणाला. "दिसत नसतं तर चालवलं असतं का?"

"वाचायचा कंटाळा येतो गं आता," आतून आई म्हणाली. "आयुष्यभर तेच तर केलं."

झालं, विषय संपला. ज्येष्ठांच्या अडचणी जगात सगळ्यात चांगल्या कुणाला कळतात? याला. मग बायकोचं कशाला ऐकायचं!

बुधवारी ऑफिसात एक खोकं आलं. त्यात म्हातारपण होतं. म्हणजे अंगावर चढवायचा एक सरंजाम. गुडघ्यांना आवळायचे पट्टे, मनगटांना बांधायची वजनं, बोटं जाड करणारे हातमोजे, कानांवर लावायची टोपणं आणि एक पिवळट, धुरकट गॉगल. धडधाकट माणसाने हे सगळं चढवलं की त्याला म्हातारपण कसं वाटतं ते कळावं, अशी योजना. शुक्रवारी हा पोशाख दवाखान्याच्या माणसांना घालायचा, त्यांची भंबेरी उडाली की लगेच आईला पुढे करायचं आणि टाळ्या घ्यायच्या, असा याचा बेत. सरावासाठी खोकं घरी आणलं.

संध्याकाळी बैठकीच्या खोलीत त्याने एकेक वस्तू चढवली. बायकोने पट्टे आवळायला मदत केली, जरा जास्तच आवळले, आणि मग सोफ्यावर बसून हसायला लागली. दोन पावलं टाकताच तो चपलांच्या स्टँडवर आदळला. खुर्चीत बसायला गेला तर खुर्ची त्याला वाटली त्यापेक्षा खाली होती. शेवटी कसाबसा टेकला आणि ऐटीत म्हणाला, "फोन दे. आता बघ, माझं ॲप या अवस्थेतही कसं चालतं."

त्याने ॲप उघडलं आणि बघत राहिला. पांढरं. नुसतं पांढरं. त्याने फोन नाकाला लावला, लांब धरला, तिरका केला. स्वतः काढलेलं बटण, ज्याच्या गोलाईवर त्याने अख्खा आठवडा घालवला होता, ते त्याला सापडेना. चार ठिकाणी दाबलं, तेव्हा कुठून तरी कॅमेरा सुरू झाला आणि त्याचा गॉगल घातलेला फोटो निघाला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"गॉगल भंकस आहे," तो तणतणत म्हणाला. "अतिशयोक्ती आहे सगळी! असं कुणाला दिसत असतं का? कंपनीला परत पाठवतो हे. आई! आई, जरा ये इकडे."

आई भिंतीला हात लावत आली. ती नेहमीच तशी यायची, आणि त्याला ती सवय वाटायची. त्याने गॉगल काढून तिच्या हातात दिला.

"हा घाल आणि खरं सांग, किती वाईट दिसतं ते. हा बनवणारे म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना असं दिसतं."

आईने गॉगल डोळ्यांवर चढवला. मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग खिडकीकडे बघून म्हणाली, "बरा आहे की. हलका आहे."

"अगं, हलका नाही विचारत. दिसतं कसं?"

"कसं म्हणजे? नेहमीसारखं."

बायकोचं हसू थांबलं. त्याने आईच्या चेहऱ्यासमोर हात हलवला. ती समोर बघत राहिली, त्याच्या डोक्याच्या बरंच वर, जिथे तो उभा असता तर त्याचं तोंड आलं असतं. पण तो बसलेला होता.

"आई," तो म्हणाला, "मी कुठे आहे?"

तिने गॉगल काढला. मग त्याची घडी घालत, परीक्षेत पकडलेल्या मुलीसारखी म्हणाली, "तू रागावणार नाहीस ना?"

मग एकेक बाहेर पडलं. दीडेक वर्षापासून सगळं धुरकट होत गेलं होतं. आधी अक्षरं गेली, मग चेहरे. ॲप ती डोळ्यांनी चालवतच नव्हती. तोच तर रोज सांगायचा, खालच्या कडेला अंगठा, दोन बोटं वर. तिने ते पाठ केलं होतं. चाळीस वर्षं मुलांकडून कविता पाठ करून घेतलेल्या बाईला त्यात काय अवघड! आणि स्क्रीन शांत वाटायची, कारण तिला त्या स्क्रीनवर काहीच दिसत नव्हतं.

"पण सांगायचं नाही का?" तो जवळजवळ ओरडलाच.

"कसं सांगणार? तू जगभर सांगत सुटला होतास, आईला जमतं म्हणून. तुझा आवाजच असा व्हायचा ते सांगताना. मी नाही म्हटलं असतं तर तुझं तोंड केवढंसं झालं असतं." तिने चाचपडत गॉगल टेबलावर ठेवला. "आणि रोज संध्याकाळी तू शेजारी येऊन बसायचास."

त्याला रडू आलं, आणि बोटांत जाड हातमोजे असल्यामुळे डोळे काही धड पुसता येईनात.

आता खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. आई म्हणाली, "शुक्रवारी मी करते की. मला सगळं पाठ आहे," आणि या शहाण्याला मोह झाला. गुरुवारचा सगळा दिवस तो स्वतःला समजावत होता. मदतीशिवाय करायचं, एवढीच अट ना? मग ती मदतीशिवायच करणार आहे. खोटं कुठे बोलतोय आपण? डोळे काय, शनिवारी दाखवू. चपलांच्या सेलची चित्रं डोळ्यांपुढे नाचत होती, आणि असली पळवाट शोधायला माणसाला फार हुशारी लागते, ती याच्याकडे भरपूर होती.

शुक्रवारी आई ठेवणीतले कपडे घालून आली. त्याच्या दंडाला तिने किती घट्ट धरलंय, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं. दवाखान्याकडून तिघंजण आले होते. त्यातले सगळ्यात वयस्कर डॉक्टर तिच्या समोरच बसले. फोन वाजला. आईने तो उचलला, खालच्या कडेला अंगठा टेकवला, दोन बोटं वर नेला, दाबला. फोन थरथरला.

"वा आजी!" डॉक्टर म्हणाले. प्रमुख बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. काम हातात आलं होतं.

"हे रात्री-बेरात्री एकट्या माणसाच्या हातात द्यायचंय आम्हाला," डॉक्टर पुढे म्हणाले. "आजी, आमच्या पेशंटना जमेल ना हो?"

"हो तर!" आई ठासून म्हणाली. "न जमायला काय झालं?"

कुणीतरी एकटी बाई, छातीत कळ आलेली, शेजारी बसून अंगठा कुठे टेकवायचा ते सांगायला मुलगा नाही, आणि समोर ही पांढरीफटक स्क्रीन. हे सगळं त्याला लख्ख दिसलं. त्याने काही ठरवायच्या आधीच त्याचं तोंड उघडलं.

"नाही जमणार," तो म्हणाला. "आईला दिसत नाही. तिने माझ्यासाठी पाठ केलंय. बटण मलाही सापडत नाही. ॲप वाईट आहे, आणि ते मी केलंय."

प्रमुख बाईंनी कपाळाला हात लावला. मग आईच वैतागून म्हणाली, "अरे, सगळं नीट चाललं होतं की! काय गरज होती?"

डॉक्टरांना हसू आवरेना. ते उठले, आईला खिडकीपाशी उजेडात नेलं, खिशातली छोटी बॅटरी काढून तिचे डोळे पाहिले. "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे, चांगला पिकलाय. ऑपरेशनने दिसू लागेल." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "काम आज देत नाही. आजींना दिसायला लागलं की त्यांना घेऊन या. त्या वाचून म्हणाल्या 'जमतं', तर देईन. दुसऱ्या कंपनीला तोवर थांबवतो. पण तोवरच."

चाचणीवालीने टेबलाखालून त्याला पेन टोचलं. शाबासकी असावी, किंवा सूडही असेल.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने पट्टी सोडली, आणि पट्टी सुटल्या सुटल्या या गाढवाने आईच्या डोळ्यांपुढे काय धरलं? फोन! त्यावर तेच ॲप उघडलेलं. तिने तो हाताने बाजूला सारला.

"ते राहू दे. आधी तुला बघू दे."

तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघतच राहिली. केस बघितले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली, गालांवरून अंगठे फिरवले.

"कानांपाशी पार पांढरा झालास की रे," ती म्हणाली. "आणि चेहरा तुझ्या बाबांसारखा झालाय. अगदी तसाच. हे कधी झालं?"

"झालं हळूहळू," तो म्हणाला. "मी रोज तुझ्याच शेजारी होतो, आई. मला वाटलं, तुला दिसतंय."

"मलाही वाटलं होतं, दिसेल पुढे कधीतरी."

बराच वेळ ती त्याला बघत होती. शेवटी तिने हात पुढे केला. "आण तो फोन."

त्याने दिला. तिने तो जवळ धरला, लांब धरला, नव्या डोळ्याने वरपासून खालपर्यंत बघितला. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं.

"खरं सांगू?"

"सांग."

"वाईट वाटेल तुला."

"वाटू दे. तू खरं सांग."

"मला आता नर्सच्या नावाची पट्टी वाचता येते," आई म्हणाली. "भिंतीवरचं घड्याळ दिसतं. तुझ्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसतं. तुझ्या ॲपमध्ये मात्र काही नाहीये रे, सोन्या."