न विचारता उचललेलं धन

मी रिमोट बोलतोय. टीव्हीचा नव्हे, तो बापडा चॅनेल बदलण्यापलीकडे काही करत नाही. मी गेम खेळायचा रिमोट. दुकानात मला कंट्रोलर म्हणत, पण कसालजवळच्या या वाडीत आल्यावर दत्तप्रसादच्या आईने, सीताबाईने, मला रिमोट म्हणायला सुरुवात केली आणि मीही ते नाव मुकाट्याने घेतलं. दत्तप्रसाद तिला आये म्हणतो, म्हणून मीही आयेच म्हणतो.

सध्या माझा मुक्काम राखणदाराच्या, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाच्या, पाषाणापाशी, किंजळीच्या झाडाखाली आहे. अंगावर जास्वंदीचं सुकलेलं फूल, पोटात मुंग्या. इथे कसा आलो ते सांगतो, कारण विचारायला दुसरं कुणी येत नाही.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पोटात दोन बारक्या मोटारी बसवल्या एवढंच आठवतं. त्या मोटारींमुळे मी थरथरतो. पडद्यावर दोर तुटला, जमीन हादरली, की मी खेळणाऱ्याच्या हातात थरथरायचं. तेवढंच माझं बोलणं, बाकी जन्म ऐकण्यात गेला.

म्हापशाच्या एका दुकानातून दत्तप्रसादने मला घेतलं, गेमच्या डब्यासकट. तेव्हा तो गोव्याकडे रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायचा. दिवसभर जेसीबीचे दांडे हलवणाऱ्या माणसाला माझे दोन टीचभर दांडे म्हणजे पोरखेळ. त्याचे तळवे खरखरीत होते, पण अंगठा असा हलका फिरायचा की मला गुदगुल्या व्हायच्या. नव्या जमिनीला जेसीबीचं तोंड लावण्याआधी तो तिथे नारळ ठेवायचा आणि जागेच्या राखणदाराला दोन शब्द सांगायचा. कंत्राटदार घाईला आला तरी हा ऐकायचा नाही. या भागात जमिनीत हात घालण्याआधी तिच्या मालकाला विचारतात, आणि मालक म्हणजे सातबाऱ्यावरचा नव्हे.

मग त्याचा उजवा अंगठा माझ्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांच्या आधी ते मला कळलं, पण मी सांगणार कुणाला? त्याला वाटलं, जेसीबीच्या दांड्यांमुळे हात अवघडला असेल. पुढे पेला निसटला, शर्टाचं बटण लागेना. गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या, आणि तो जेसीबी सोडून घरी आला. ओटीवर टेकत त्याने आयेला सांगितलं, "औषध नाय गो ह्येका. आदी हात जातले, मगे पाय. मगे सगळाच."

"सगळा म्हणजे काय?" आये म्हणाली. "डॉक्टराक काय देव भेटलो? हात बरे होतले." आणि ती आत जाऊन भाताचं झाकण काढून बघत राहिली.

दत्तप्रसादची एक गेम अर्धी राहिली होती. एका बुडालेल्या राज्याचा खजिना शोधणाऱ्या माणसाची गोष्ट. कड्यावरून लोंबकळायचं, तुटक्या पुलावरून धावायचं, ओसाड देवळांतून वाट काढायची. मधे मधे गोष्ट सिनेमासारखी आपोआप चालायची आणि मला तेवढी सुट्टी मिळायची. दत्तप्रसाद म्हणाला, "हात आसत तवसर ही पुरी करतलंय." त्याने आयुष्याकडे मागितलेलं ते शेवटचं काम. घर बांधायचं, लग्न करायचं, ते सगळं त्याने कधी मनातून काढून टाकलं ते मला कळलं नाही.

आये दुपारी त्याच्या बाजूला कोकमाचे रातांबे फोडायला बसायची. तिला त्या गेममधला माणूस बेहद्द आवडायचा. शेजारचा बाबली माडावर चढतो तसा हा कड्यावर चढायचा, म्हणून तिने त्याचं नावही बाबलीच ठेवलं. "मेल्या, पाय बगून टाक," ती त्याला सांगायची. बाबली दरीत पडून मेला आणि पुन्हा पहिल्या जागी उभा राहिला की ती खूश व्हायची. "बरा आसा ह्येंचा. मेलो तरी परत उठता." असं म्हणून ती पुढचा रातांबा जरा जास्तच जोरात दाबायची.

पण त्या गेममध्ये जड दगडी दारं उचलायला एक बटण पटापट दाबावं लागे, आणि दत्तप्रसादचा अंगठा तिथे हरायचा. दार अर्धं वर यायचं आणि धाडकन खाली. शेवटी आयेने पदराला हात पुसले आणि विचारलं, "खंयचा दाबू?" तेव्हापासून दोघं मिळून खेळायला लागली. दांडे त्याच्याकडे, ते बटण तिच्याकडे. कोकमाचा लाल डाग माझ्या त्या बटणावर बसला तो बसलाच. खरं सांगायचं तर माझ्या जन्मातले तेच दिवस सुखाचे. त्या दुपारी आजाराचं नाव कुणी काढत नसे.

असे खेळत खेळत ते एका देवळात पोचले. मधोमध चौथरा, त्यावर सोन्याचा मुखवटा, चौथऱ्यावर दगडात कोरलेला नाग. दत्तप्रसादने बाबलीला समोर नेऊन उभं केलं. "आये, दाब."

आयेने अंगठा ठेवला, पण दाबला नाही. "कोणाक इचारलंस?"

"कोणाक इचारतलंय? गेम आसा ती."

"नाग काढलोहा थंयसर. राखण आसतली. तू मातयेत हात घालूच्या आदी नारळ ठेवतंस मा?"

"आता पडद्यार नारळ खंय ठेवू?" तो कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. "दाब गो, बाबली खोळंबलोहा."

त्याला हसताना बघून तीही हसली, आणि तिने दाबलं. मुखवटा बाबलीच्या हातात आला, आणि देऊळ कोसळायला लागलं. खांब पडले, जमीन फाटली, आणि मला नेमून दिलेलं काम मी केलं, दोन्ही मोटारींनी जीव तोडून थरथरलो. आये एवढी दचकली की तिने मला रातांब्यांच्या टोपलीत टाकलं. "बग, बग," ती म्हणत होती, "इचारूक नाय म्हणान पडला ता." दत्तप्रसाद हसतच होता.

त्याच आठवड्यात तो जेवायला बसला आणि त्याचा डावा हात तोंडापर्यंत गेला नाही. उजवा आधीच दुबळा होता. आतापर्यंत डाव्याने निभावत होतं. हातातली भाकरी ताटात पडली. आयेने ती उचलून त्याला भरवली. भरवताना तिने टीव्हीच्या खाली ठेवलेल्या माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घातलं आणि देवळात नेलं. गुरव धोंडू पाषाणावर कळे लावत होता. इकडे देवाला असं विचारतात: पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"काय इचारूचा आसा?" धोंडूने विचारलं.

"झीलाच्या हातसून धन उचलला गेला. राखणदाराक इचारूक नाय. तेका लागान हात गेले काय?"

"खंयचा धन? रस्त्याच्या कामार गावला?"

"लय दूरचा," आये म्हणाली. ती खोटं बोलली नाही. धोंडूनेही पुढे विचारलं नाही. जेसीबीवाला माणूस, जमीन उकरताना काय वर येईल सांगता येत नाही, असं त्याने मनात धरलं असावं. धोंडूचं गाऱ्हाणं घालून झालं, आये "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि दोघं बघत राहिली. उजवी कळी पडली.

देव खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं. धन म्हटल्यावर ते टीव्हीतलं, हे त्याला तरी कुणी सांगितलं होतं?

"जाग्याचा जाग्यार ठेव," धोंडू म्हणाला. जागा फार लांब आहे म्हटल्यावर त्याने विचार केला आणि सांगितलं, "मगे आपल्या राखणदाराकडे ठेव. तो पोचवतलो."

मुखवटा तर काचेच्या आत. त्या चोरीतला हाताला लागेल असा मी एकटाच. त्यामुळे धन म्हणून माझीच नेमणूक झाली.

आम्ही घरी आलो तेव्हा दत्तप्रसाद खिडकीपाशी बसला होता. गेमचा शेवटचा भाग सुरू झाला होता, आणि डाव्या हाताखाली उशी ठेवून, उजव्या हाताची दोन बोटं वापरून, पडत झडत का होईना, तो पार करता आला असता. मला त्याच्या बोटांचा अंदाज होता. अजून काही आठवडे ती चालली असती. त्याने मला मांडीवर घेतलं, आणि आयेने त्याला सगळं सांगितलं.

तो चिडला नाही. "आये, थोडीच रवली. हात आसत तवसर खेळांदे."

"हात रवाक होयेत म्हणानच नेतंय," आये म्हणाली.

दोघांनाही हातच हवे होते. मला वाटलं, तो मला घट्ट धरील. त्याने धरायचा प्रयत्न केलाही. पण आयेने माझ्याभोवतीची त्याची बोटं एकेक करून सहज सोडवली, आणि ती सहज सुटली हे बघून तीच रडायला लागली.

तिने मला इथे ठेवलं, नारळ ठेवला, विडा ठेवला. बॅटरी लगेच उतरली. पावसाळ्यात पाणी शिरलं आणि मोटारी गंजल्या. दांड्यांवरचं रबर चिकट होऊन सुटलं. एकदा गाय येऊन हुंगून गेली. रस्त्याने जाणारे हात जोडतात ते राखणदाराला. माझ्याकडे बघून दोघा-तिघांनी नुसत्या भुवया वर केल्या. आये मात्र दर सोमवारी येते, मला पुसते आणि बोलते. "धन परत दिलंय म्हाराजा. दाबलंय मी, तेनी नाय. तेचे हात तेका दी." याला उत्तर द्यायला राखणदार बोलत नाही आणि मी बोलू शकत नाही.

परवा ती दत्तप्रसादला घेऊन आली. वाटेपर्यंत रिक्षा आणि पुढे चाकांची खुर्ची. त्याची बहीण नम्रता सावंतवाडीहून आली होती, खुर्ची तीच ढकलत होती. मी त्याला पटकन ओळखलं नाही. मान एका बाजूला कलली होती, शब्द जड झाले होते. आये पाषाण धुवायला पाणी आणायला विहिरीवर गेली तेव्हा नम्रता हळूच म्हणाली, "दादा, दुसरो रिमोट हाडतंय मी. आयेक सांगया नको."

"आता कित्याक?" शब्द एकेक करून बाहेर येत होते. "आणि तिका कळला तर... ती म्हणतली... तेच्यामुळेच बरो नाय झालो."

नम्रता तोंड फिरवून शेताकडे बघत राहिली.

आये आली. पाषाण धुतला, फूल वाहिलं, गाऱ्हाणं घातलं. मग तिने मला उचलून दत्तप्रसादच्या मांडीवर ठेवलं, त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून माझ्यावर आणला आणि त्याचा अंगठा बटणावर टेकवला. "दाबून बग रे झिला. जोर इलो काय?"

तो बराच वेळ प्रयत्न करत होता. कपाळावर घाम आला. माझ्यावर त्या अंगठ्याचं फुलाएवढंही वजन पडलं नाही.

"इलो गो," तो म्हणाला. "जरासो इलोहा."

आयेचा चेहरा असा उजळला की मला बघवलं नाही. तिने मला पुन्हा पाषाणापाशी ठेवलं, डोकं टेकलं आणि म्हणाली, "आजून पोचूक नाय ता. पोचला की सगळो जोर येतलो." आणि तिघं गेली.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. या वाटेने कधी आलात आणि किंजळीखाली एक मोडका रिमोट दिसला, तर कचरा समजून मला उचलू नका, आणि दया येऊन घरीही नेऊ नका. सोमवारी मी इथे दिसलो की आये म्हणते, धन अजून पोचलेलं नाही, आणि पुढच्या सोमवारची वाट बघते. मी नाहीसा झालो तर तिला वाटेल, ते पोचलं. आणि धन पोचूनही हात आले नाहीत, तर मग तिला मागण्यासारखं काही उरणार नाही.