क्योटोचा राजवाडा, पहिल्या रांगेतून

दिगंबररावांनी माइक हातात घेतला, तशी सुमित्राने पहिल्या रांगेतली आपली खुर्ची चार बोटं पुढे सरकवली. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या ज्येष्ठ मराठी मंडळींचा महिन्याचा मेळावा होता. समोसे संपले की कुणीतरी प्रवासाचे फोटो दाखवायचे, असा तिथला रिवाज. आज पाळी या दोघा नवरा-बायकोची होती: क्योटोचा जुना राजवाडा आणि त्याची बाग.

मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांत दिगंबरराव तीस वर्षं नायक होते. पाठांतराच्या नावाने शंख, पण आवाज खणखणीत. सुमित्रा विंगेत वही धरून उभी राहायची. वाक्यं तिने पुरवायची, टाळ्या त्यांनी घ्यायच्या.

गेली दोन वर्षं त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं आणि तेच काम ती घरात करत होती. शेजाऱ्याचं नाव, आजचा वार, बाथरूमचं दार. क्योटोला राजवाड्याच्या खडीवर ते भलतीकडेच चालत सुटले. तिने हात धरून वळवलं, तर त्यांनी तिचं मनगट असं पिरगळलं की महिनाभर पोळी लाटता आली नाही. मुलाला, अंकुरला, तिने सगळं सांगितलं होतं. सोबतीला माणूस ठेवू, नाहीतर त्यांना एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू, म्हणून विनवलं होतं. तो लांब कॅरी शहरात राहायचा, तिथून फोन करायचा, बाबांशी दहा मिनिटं बोलायचा आणि म्हणायचा,

"आई, ही इज फाइन. तू उगाच टेन्शन घेतेस."

ते फाइन वाटायचे, कारण शेजारी बसून ती एकेक उत्तर त्यांच्या कानात सांगायची. न सांगणं तिला जमतच नसे. आज अंकुर स्वतः आला होता आणि मागच्या रांगेत बसून वडिलांचा व्हिडिओ काढत होता.

पहिला फोटो आला.

"हा शिशिंदेन," सुमित्रा पुटपुटली. "इथे सम्राटांचा राज्याभिषेक व्हायचा."

"हा शिशिंदेन. इथे सम्राटांचा राज्याभिषेक व्हायचा," दिगंबररावांनी आवाज लावला. "आणि आमची ही विचारते, साड्या कुठे मिळतात?"

सगळे खो खो हसले. बायकोची टर उडवणं तेवढं ते विसरले नव्हते. सुमित्राने मागे वळून पाहिलं. अंकुरने हसत हसत तिला अंगठा दाखवला. त्या क्षणी तिला नवऱ्यापेक्षा मुलाचा जास्त राग आला.

पुढचा फोटो बागेतल्या तळ्याचा होता. दगडी काठ, लाकडी पूल, वाकलेली झाडं. दिगंबरराव थांबले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग पूर्ण विश्वासाने बायकोकडे.

त्या तळ्याची खरी माहिती तिला सगळी पाठ होती.

"हे तळं आपण घर घेतलं तेव्हा खणून घेतलं," ती हळूच म्हणाली.

"हे तळं आपण घर घेतलं तेव्हा खणून घेतलं."

लोक पुन्हा हसले.

"अंकुर इथेच पोहायला शिकला."

"अंकुर इथेच पोहायला शिकला."

या वेळी दोघे-तिघेच हसले, तेही अर्धवट. मागे अंकुरचा फोन खाली आला होता. दिगंबररावांना वाटलं, प्रेक्षक रंगलेत. ते खुशीत किंचित पुढे झुकले आणि पुढच्या वाक्याची वाट पाहू लागले.

सुमित्राने ते दिलं.