उंबऱ्यावरचा उजेड

आप्पांच्या लोकरीच्या दुकानात एक नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. लोकर कितीही पसंत पडो, दारात नेऊन उजेडात बघितल्याशिवाय आप्पा ती बांधून देत नसत. आतल्या ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ही बया निळ्याला हिरवा करते आणि विटकरीला लाल," ते म्हणायचे. "हिच्या भरवशावर माल विकला तर लोक शिव्या मला देतील, हिला नाही." मग काउंटरच्या अलीकडून गिऱ्हाईक आणि पलीकडून आप्पा असे दोघं निघून उंबऱ्यावर यायचे आणि आप्पा लोकरीची लडी दोन्ही हातांत ताणून धरायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही त्याची सवय झाली होती. एखादी ओळखीची बाई थांबायची आणि विचारलं नसताना सांगायची, "तो शेवाळी नको गं, आजारी दिसशील." आप्पा तिलाही आत बोलवायचे.

घाईत असलेली माणसं या प्रकाराला वैतागायची. एकदा एका गृहस्थांनी सुनावलं होतं, की मला लोकर हवी आहे, स्थळ बघायचं नाहीये. आप्पांनी त्यांनाही उंबऱ्यावर नेलंच. पण रंग आवडला नाही म्हणून त्यांच्या दुकानातली लोकर कधी परत आली नाही, आणि या गोष्टीचा आप्पांना इतका अभिमान होता की ती ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नसे.

दाराशी एक लांब बाक होता. तो काकूंचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा प्रांत. टाका सुटला, बाही आखूड झाली, गळा मोठा झाला की बाया अर्धवट विणकाम पिशवीत कोंबून काकूंकडे यायच्या. काकू ते हातात घ्यायच्या, नाक मुरडायच्या, सरळ अर्धं उसवायच्या आणि पुन्हा सुरू करून द्यायच्या. थंडी जवळ आली की बाकावर बसायला जागा मिळत नसे. सासवांची उणीदुणी, मुलांची लग्नं, कोणाला दिवस गेलेत ही बातमी आधी त्या बाकावर यायची आणि मग घरोघरी जायची. आप्पा काउंटरवरून कान देऊन सगळं ऐकायचे आणि काहीच ऐकलं नाही असा चेहरा करायचे. ते दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. पण तेव्हा ते सुख आहे हे त्यांना कळलं नव्हतं, तेव्हा त्यांना नुसता गलका वाटायचा.

काकू गेल्या आणि बाकावरची गर्दी हळूहळू ओसरली. उरलीसुरली मोबाइलने पळवली. बाया अजूनही यायच्या, आप्पांबरोबर उंबऱ्यावर उभ्या राहायच्या, लोकर गालाला लावून बघायच्या आणि मग फोन काढून तिचा फोटो घ्यायच्या. "घरी दाखवते आणि सांगते हं, आप्पा." आप्पा बिचारे फोटो नीट यावा म्हणून लडी थोडी वर धरायचे, सावली पडली तर बाजूला सरकायचे. त्या बाया घरी जाऊन तोच रंग शोधून दुसऱ्याच कुठल्या दुकानातून मागवत होत्या, हे त्यांना बऱ्याच उशिरा समजलं. समजलं तेही सुनेने सांगितलं म्हणून.

"म्हणजे मी त्यांच्या मालाची जाहिरात करत होतो?" त्यांनी विचारलं.

"फुकटात," सून म्हणाली.

सून हुशार होती आणि स्पष्ट बोलणारी होती. आप्पांना ती आवडायची आणि तिची थोडी भीतीही वाटायची. त्यांचा मुलगा नोकरीसाठी परगावी असे, आठवड्याच्या शेवटी घरी येई. दुकानाच्या जागेचा करार संपत आला तेव्हा त्याने एका रविवारी जेवताना विषय काढला. आप्पा, आता पुरे. दिवसभर माशा मारत बसता, त्यापेक्षा घरी आराम करा. आप्पांचा घास हातातच राहिला. दुकान बंद म्हणजे सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

तेव्हा सून मध्ये पडली. "बायका विणायच्या थांबलेल्या नाहीत," ती म्हणाली. "फक्त दारातून यायच्या थांबल्यात. आप्पा, मला एक वर्ष द्या. दुकान ऑनलाइन टाकू. चाललं तर जागा सोडायची नाही. नाहीच चाललं, तर हे म्हणतायत तसं."

त्या एका वाक्यासाठी, जागा सोडायची नाही या वाक्यासाठी, आप्पा सगळ्याला तयार झाले.

सुनेने काउंटरवर लॅपटॉप मांडला आणि सासऱ्यांची शिकवणी सुरू केली. गिऱ्हाईक रात्री-अपरात्री येणार, ते दिसणार नाही. ते फोटो बघणार, बटण दाबणार, आपल्याकडे ऑर्डर येणार, आपण पार्सल बांधायचं, न्यायला माणूस येणार. माल पसंत पडला नाही तर ते परत पाठवणार आणि आपण मुकाट्याने घ्यायचा.

"मुकाट्याने?" आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मुकाट्याने. आणि वर माफी मागायची."

फोटो मात्र आप्पांनी कोणाला काढू दिले नाहीत. ते उंबऱ्यावरच निघणार, यावर ते अडून बसले. गिऱ्हाईक सकाळी आलं तर त्यांनी सकाळी लोकर दाखवली होती आणि संध्याकाळी आलं तर संध्याकाळी, त्यामुळे फोटोही त्यांनी जसा वेळ मिळेल तसे दिवसभर काढले. परिणाम असा झाला की सकाळी काढलेली आकाशी आणि संध्याकाळी काढलेली तीच आकाशी हे दोन वेगळे रंग म्हणून साइटवर चढले. एका बाईने दोन्ही मागवले. पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर विणायचा तिचा बेत होता. पार्सल उघडलं तर सगळी लोकर एका रंगाची.

दुकानाच्या आयुष्यातलं ते पहिलं परत आलेलं पार्सल. त्यावर कारण लिहिलं होतं, रंग चुकीचा. आप्पांना ते जिव्हारी लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सून बाहेर गेल्याचं बघून त्यांनी पार्सलवरचा नंबर फिरवला.

"बाई, मी लोकरवाला बोलतोय. तुमच्या घराच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत?"

पलीकडून बाईंनी विचारलं, "कशासाठी?"

"नाही, म्हणजे ऊन घरात किती वाजता येतं? आणि त्या वेळी घरात कोण असतं? तुम्ही एकट्याच बघितलंत की आणखी कोणी होतं?"

बाईंनी फोन ठेवला. आप्पांना वाटलं लाइन तुटली, म्हणून त्यांनी पुन्हा लावला. तो कोणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी साइटवर साऱ्या जगाला दिसेल असा रिव्ह्यू झळकला, की लोकर बरी आहे, पण दुकानदार फोन करून घरात कोण कधी असतं याची चौकशी करतो, सावध राहा.

सुनेने तो मोठ्याने वाचून दाखवला. आधी ती भयंकर चिडली, मग वाचता वाचता तिला हसू आवरेना, आणि शेवटी डोळे पुसत तिने कपाळाला हात लावला. "आप्पा, अहो, काय करून बसलात."

"मला फक्त तिला सांगायचं होतं, की खिडकीत धरून बघ," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की सुनेचं हसू जागच्या जागी थांबलं.

तिने आप्पांचं ते म्हणणं डोक्यात ठेवलं. पुढच्या आठवड्यात तिने सगळे फोटो एका वेळी, एका जागी नव्याने काढले. शिवाय एक कार्ड बनवलं. जाड कागदाला भोकं, प्रत्येक भोकात एकेका रंगाच्या लोकरीचा बोटभर तुकडा, आणि वर एक ओळ: आधी खिडकीत नेऊन बघा, मग मागवा. हवं त्याला ते कार्ड घरपोच मिळायचं. बाईंना तिने फोन करून रीतसर माफी मागितली, सासऱ्यांची सगळी हकीकत सांगितली आणि पहिलं कार्ड त्यांनाच पाठवलं. त्यांनी रिव्ह्यू काढून टाकला आणि स्वेटरची लोकरही पुन्हा इथूनच घेतली.

मग मात्र ऑर्डरी येऊ लागल्या. कधी नाव न ऐकलेल्या गावांहून यायच्या. कोणी बाळासाठी टोपडं विणत होती, कोणी हॉस्टेलमधल्या मुलासाठी मफलर. काही जणी विणून झालेल्या वस्तूंचे फोटोही पाठवायच्या. आप्पा चष्मा कपाळावर चढवून ते निरखायचे. "हिचा उलटा टाका सैल आहे," ते पुटपुटायचे. "ही असती तर हिने उसवलं असतं." ते काकूंविषयी बोलतायत हे सुनेला कळायचं.

दुकान चालायला लागलं, आणि जागा पुरेना. पार्सलांचे खोके ठेवायला बाक मागच्या खोलीत गेला. पुढे फळ्या वाढल्या, त्या दारापर्यंत आल्या. धूळ नको म्हणून शटर अर्धं खाली असायचं. आप्पा जेवणाची वेळ विसरू लागले, दुपारची झोप गेली, मुलगा आला की त्याच्याशी धड दोन शब्द बोलायला फुरसत नसे. मुलगा आता दुकान बंद करा म्हणत नव्हता. तो म्हणत होता, एवढ्या धंद्याला रस्त्यावरची जागा कशाला? मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर मोठी खोली रिकामी आहे. लिफ्ट आहे. गिऱ्हाईक तर येतच नाही.

वर्ष भरलं होतं, जागेचा करार पुन्हा दारात उभा होता. सुनेने मात्र शब्द पाळला. "मी जागा सोडायची नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर इथेच राहू. काढू सांभाळून."

"नाही," आप्पा ताबडतोब म्हणाले. "जागा सोडायची नाही."

हे झालं आणि त्यानंतर काही दिवसांतच ती दुपार आली. थंडी सुरू झाली होती, ऑर्डरींचा ढीग होता, पार्सलं नेणारा माणूस कुठल्याही क्षणी टपकणार होता. आप्पा दाराकडे पाठ करून चिकटपट्टी दाताने तोडत होते. अर्ध्या शटरखालून वाकून एक बाई आत डोकावली. हातात पिशवी होती, पिशवीतून सुया वर आल्या होत्या.

"एकच लडी हवी होती," ती म्हणाली. "राखाडी. बाही थोडक्यासाठी अडलीय."

"सुटी विक्री बंद आहे," आप्पा मान वर न करता म्हणाले. "बाहेर पाटीवर साइटचं नाव लिहिलंय. तिथे ऑर्डर टाका, घरी येईल."

"अहो, पण ती काय समोरच आहे फळीवर."

"ती गेलेली आहे. नावावर पडलीय दुसऱ्याच्या."

"बरं," बाई म्हणाली. तिचा आवाज नाराज नव्हता, नुसता थकलेला होता. "रंग तोच आहे का, तेवढं बघून घेतलं असतं."

"कार्ड मागवा. त्यात असतो."

ती वाकून बाहेर गेली. आप्पांनी चिकटपट्टी ओढली, पार्सलावर दाबली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. लॅपटॉपमागे सून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या बघण्यात दोष देणं नव्हतं, त्यामुळे त्यांना जास्तच लागलं.

आप्पा उठले. गुडघे धरत शटरखालून बाहेर आले. रस्ता दोन्हीकडे पाहिला. माणसं खूप होती, पण पिशवी घेतलेली ती बाई त्यांना दिसली नाही. तिचा चेहरा त्यांनी बघितलाच नव्हता, त्यामुळे कोणाला हाक मारायची हेही कळेना. ते बराच वेळ तिथे उभे राहिले. मग आत आले आणि खोक्यावर बसले. त्यांना रडू येत होतं, पण सुनेसमोर त्यांनी ते आवरलं.

"जाऊ द्या, आप्पा," सून हळूच म्हणाली. "घाईत होतं असं."

"ती वरची खोली घेऊन टाक."

"पण तुम्हीच तर म्हणालात, जागा सोडायची नाही."

"दुकान असतं तर सोडली नसती," आप्पा म्हणाले. "ते मघाशी बंद झालं. तू नाही केलंस, तुझ्या नवऱ्यानेही नाही केलं. मी केलं."

बाहेर पार्सलं नेणाऱ्या माणसाने शटरवर थाप मारली. आप्पांनी अर्धवट राहिलेलं पार्सल मांडीवर घेतलं आणि त्याच्यावर नाव-पत्ता चिकटवला.