अण्णासाहेबांची दाढ

अण्णासाहेबांच्या दाढेला भूल देऊन झाली होती. माझा नवरा राघव सुईला टोपण लावत होता, तेवढ्यात त्यांनी बधिर तोंडाने मराठीत काहीतरी विचारलं आणि हा त्यांच्याकडे बघून उत्तर द्यायला गेला. बाकीच्या पेशंटशी तो हिंदीत बोलतो, हातावरची नजर न काढता. पण अण्णासाहेब आमच्या नोएडातल्या गणेश मंडळाचे, वडीलधारे. त्यांच्याकडे न बघता कसं बोलायचं?

सुई हातमोज्यातून बोटात गेली. रक्त आलं. काविळीची लस त्याने घेतलेली आहे. एचआयव्हीला लस नाही. लागण टाळायच्या गोळ्या असतात, त्या तीन दिवसांच्या आत सुरू करायच्या. दुसरा कोणी पेशंट असता तर त्याने त्याच संध्याकाळी सुरू केल्या असत्या. इथे आधी अण्णासाहेबांनाच रक्त तपासायची विनंती केली. ते म्हणाले, उद्या करतो. दुसऱ्या दिवशीही तेच. मी घरात भांडले, तू गोळ्या घेऊन टाक. तर म्हणाला, "अगं, त्यांच्या कानावर गेलं तर? मी त्यांच्यावर संशय घेतला असं होईल."

पाचव्या दिवशी आमच्या लेकीला, तनयाला, कडेवर घेऊन रक्त तपासा म्हणून सांगायला मीच त्यांच्या घरी गेले. अण्णासाहेबांनी तिच्या हातात रव्याचा लाडू ठेवला. हल्लीच्या आया फार इंटरनेट वाचतात म्हणाले, आपल्या घरांत असलं काही नसतं. मी विषय सोडेना, तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यांच्या पत्नी, अरुणाकाकू, लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. तनयाच्या फ्रॉकवरचा लाडूचा चुरा झटकत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राघवला त्या गोळ्या सुरू करायला सांग. ह्यांच्या चालू आहेत. घेतात कधी, कधी नाही."

"काकू, वेळ काल संपली."

"मला वाटलं, घेतल्या असतील त्याने. डॉक्टर आहे ना."

राघवने सगळं ऐकून घेतलं. मग हॉस्पिटलमधल्या मित्राला फोन केला. मित्र म्हणाला, आता गोळ्यांचा काही भरवसा नाही. तपासत राहायचं, इतकंच.

जेवण झाल्यावर तनयाचे दात रोज तोच घासतो. तिला बोट चावायची खोड आहे. आज त्याने आधी हातमोजे चढवले. तिला वाटलं, नवा खेळ.

"बाबा, मी पेशंट?"

"हो."

तिने मोठा आ केला. मी तिची मान धरून बसले आणि त्याच्या बोटाच्या टोकाकडे बघत राहिले.