चित्रातला तिसरा माणूस

सलूनमध्ये खुर्च्या दोन. त्यांच्यामागे उभे राहून काम करणारे दोघे सख्खे भाऊ, आणि दोघांचा अबोला. बोलायचं ते आत्यामार्फत.

"आत्या, त्याला सांग, मोठं मशीन दे म्हणावं," थोरला म्हणायचा.

"धाकट्या, मोठं मशीन दे रे."

"देतो. पण तेल घालून परत ठेव म्हणावं त्याला."

जरा हात लांब केला असता तर मशीन हाताला लागलं असतं, इतकं सगळं जवळ. पण तो हात आधी लांब करायचा कुणी?

आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. सारी नोकरी बालवाडीत गेली. निवृत्त झाल्यावर ती दुकानाच्या दाराशी टेबल टाकून बसू लागली. आलेल्या गिऱ्हाइकांचे नंबर लावायची, आणि कुणी ताटकळत बसलं असेल तर त्याच्यासाठी टॅरोच्या चित्रांच्या पत्त्यांतलं एखादं पान काढायची. भविष्यबिविष्य ती सांगत नसे. बालवाडीतली आपली जुनीच रीत तिनं इथे आणली होती. मुलांपुढे चित्र धरायचं आणि विचारायचं, यात काय काय दिसतंय? आणि यातला तू कोण? मूल बोट कुठे ठेवतं त्यावरून त्याच्या घरी काय चाललंय ते तिला कळायचं. मोठी माणसंही काही वेगळी नसतात, फक्त बोट ठेवायला वेळ लावतात.

भावांच्या भांडणाचं मूळ एवढंसंच होतं. वडील गेले तेव्हा थोरला स्वतःच आजारी, दवाखान्यात पडलेला. बरा होऊन दुकानात आला तर खिडकीजवळच्या, वडिलांच्या खुर्चीमागे धाकटा उभा. "गिऱ्हाइकांना आता माझ्या हाताची सवय झालीय," तो म्हणाला. त्यावरून जुंपली ती एकच दिवस, पण अबोला वर्षानुवर्षं मुरत गेला. मधल्या मध्ये आत्याची गत दोन्ही घरच्या पाहुण्यासारखी. इकडचं तिकडे करताना वाक्यातले काटे काढायचे, जीभ थकली तरी आवाज गोड ठेवायचा.

आज सकाळी मागच्या दाराशी टॉवेल वाळत घालताना थोरला म्हणाला, "मला दुसरीकडे काम मिळालंय. पहिल्या तारखेपासून मी येणार नाही. त्याला सांग."

"हेसुद्धा मीच सांगू?"

"एरवी सगळं तूच सांगतेस ना."

दुपार झाली तरी ते वाक्य तिनं धाकट्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर धाकटा अकडून म्हणणार, जाऊ दे त्याला. आणि मग दुकान उरेल, पण भावाची ही दोन पोरं पुन्हा एका छपराखाली यायचं कारण उरणार नाही.

दुकानात त्या वेळी एकच गिऱ्हाईक होतं, रोजचा टॅक्सीवाला. थोरला त्याच्या तोंडाला फेस फासत होता. धाकटा रिकामा होता, म्हणून टेबलाशी आला.

"आत्या, काढ एक पान. बघू तरी, माझं कुठे बिनसतंय."

पान निघालं पाच तलवारींचं. आत्यानं सवयीनं विचारलं, "काय दिसतंय?"

"एक जण तीन तलवारी घेऊन उभा आहे. हसतोय. दोन तलवारी खाली पडल्यात. मागे दोघं पाठ फिरवून चाललेत."

"इथलंच चित्र दिसतंय," फेसातून टॅक्सीवाला म्हणाला. "सगळी हत्यारंच."

"भांडणाचं पान आहे. भांडण संपलंय, राग संपलेला नाही," आत्या म्हणाली. "यातला तू कोण?"

धाकट्यानं बराच विचार करून जवळच्या पाठमोऱ्या माणसावर बोट ठेवलं. "हा. माझ्याकडे कोण बघतंय इथे?"

थोरला वस्तरा घेऊन वळला. वाकून त्यानं चित्र पाहिलं आणि आत्यालाच म्हणाला, "त्याला सांग, तो पाठमोरा मी आहे. तो हसतोय ना, तो हा."

"हसतोय," आत्या म्हणाली, "पण बघतोय मागेच. जिंकून झालं, तरी नजर त्या जाणाऱ्यावरून हटत नाही."

धाकट्यानं चित्रावरचं बोट उचललं.

"बरं, एक हा आणि एक तो," आत्यानं दूरच्या माणसावर बोट टेकवलं. तोंड ओंजळीत धरून तो वाकून उभा होता. "मग हा तिसरा कोण?"

दोघंही चित्राकडे बघत राहिले. आत्याही बघत राहिली. हे पान तिनं कितीदा लोकांपुढे धरलं होतं, पण स्वतः कधी बोट ठेवलं नव्हतं.

"ही मी," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या तलवारी उचलून इकडून तिकडे नेते. आता दमले रे. धाकट्या, तुझ्या भावाला तुला काही सांगायचंय. ते मी सांगणार नाही. आजपासून कुणाचंच काही सांगणार नाही."

तिनं पिशवी उचलली आणि बाहेर फुटपाथवरच्या बाकावर जाऊन टेकली.

 मग आतून धाकट्याचा आवाज आला, "काका, जरा विचारा त्याला, काय सांगायचंय."

"मला मध्ये घेऊ नका बाबांनो," टॅक्सीवाला म्हणाला. "गळ्यावर वस्तरा आहे माझ्या."

वस्तरा खाली ठेवल्याचा आवाज आला. आणि मग थोरला थेट म्हणाला, "मी जातोय. पहिल्या तारखेपासून."

"कुठे?"

"तुला काय करायचंय? दवाखान्यात पडलो होतो तेव्हा एकदा तरी आलास बघायला?"

"बाबांना जाऊन आठवडा झाला नव्हता. दुकान बंद ठेवून येऊ? परत आल्यावर उभा कुठे राहिला असतास तू?"

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"तू बोलू दिलंस?"

आवाज चढत गेले. म्हणजे खुर्चीचं काही नव्हतंच, आत्याच्या मनात आलं, आणि एवढे दिवस आपण मशीन अन् तेलाचेच निरोप पोचवत बसलो. आत जाऊन दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यावेत, बालवाडीत द्यायची तसे, असं वाटून ती अर्धवट उठली. पण परत बसली.

थोड्या वेळानं टॅक्सीवाला बाहेर आला. गळ्यात टॉवेल, एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर फेस. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"मला विसरलेच दोघं. मिटवा ना जाऊन."

"आता कुठे भांडायला लागलेत. भांडू द्या."

"आणि माझी अर्धी दाढी?"

"बसा जरा," आत्या म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.