पांढऱ्या पानातला कुकारा

रक्तगट चुकला नव्हता. चुकता चुकता राहिला होता. शहापूरच्या त्या लहानशा लॅबमध्ये रत्नाने रक्ताच्या दोन नळ्यांवरची नावे उलटी चिकटवली. त्यांतल्या एका माणसाचा जुना रिपोर्ट मालकांच्या, म्हणजे साईनाथ गोजरांच्या, लक्षात होता म्हणून प्रकरण निभावले. गोजर सर ओरडले नाहीत. चष्मा पुसत एवढेच म्हणाले, "लेबल लावताना तुझा एक हात मोबाईलवर होता. मी पाहिलं. पुन्हा दिसला तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस."

रत्ना रसायनशास्त्राची पदवीधर होती. तिच्या वाडीतून पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. वाडी मुरबाडच्या बाजूला, गावाच्या अगदी टोकाला. दिवाळी झाली की अर्धी अधिक घरे वीटभट्ट्यांवर निघून जायची आणि पावसाच्या आधी परतायची. तिचा धाकटा भाऊ नवशा असाच गेला आणि परतला नाही. भट्टीचा मालक म्हणाला, होळीलाच निघून गेला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली. त्यानंतर एका दुपारी मोबाईलवर सहज बोट फिरवताना कुठल्याशा भट्टीचा एक व्हिडिओ समोर आला. मागे विटा वाहणाऱ्या माणसांपैकी एकाने नवशासारखी मान वर केली. रत्ना चटकन पडद्यावर वाकली, बोट लागले, आणि यादी ताजी होऊन सगळे वाहून गेले.

तेव्हापासून ती शोधत होती. तेच चित्र पुन्हा समोर येण्याची शक्यता किती नगण्य आहे, हे तिला कळत होते. ती शून्य नाही, हेही कळत होते. आणि अडचण नेमकी तिथे होती. आवाज ती कधी बंद ठेवत नसे, कारण चेहरा ओळखता आला नाही तरी बोली ओळखता येईल.

"अगो, बाकीच्या पोरी साड्या बघतात नि तू वीटभट्ट्या!" शेजारच्या टेबलावरची स्नेहल म्हणायची. "भट्टीवाला नवरा पाहिजे काय तुला?"

"मिळाला तर सांगीन," रत्ना म्हणायची. भावाचे तिने लॅबमध्ये कुणाला सांगितले नव्हते.

सरांच्या तंबीनंतर तिने मोबाईलवरून व्हिडिओंचे ते ॲप काढून टाकले. त्याची साइट आता फक्त लॅबच्या लॅपटॉपवर, तीही जेवणाच्या सुट्टीत, असा नियम केला आणि नियमावर विश्वास न ठेवता ब्राउझरला लगाम घालणारी दोन एक्स्टेंशन जोडली. पहिले साइट उघडण्याआधी पडदा काळा करी, त्यावर एक वर्तुळ श्वासासारखे फुगे आणि मिटे, आणि खाली प्रश्न येई: आत जायचेच आहे का? आठवड्याभरात तिला त्या काळोखाची सवय झाली. तेवढ्यात ती हात धुऊन येऊ लागली. म्हणून दुसरे. ते साइट उघडू देई, पण व्हिडिओंची सगळी यादी झाकून टाकी. वरची पट्टी दिसे, आपले नाव दिसे आणि खाली नुसते पांढरे पान.

त्या दिवशी सर कल्याणला गेले होते, स्नेहल डबा खायला मागच्या खोलीत होती. रत्नाने साइट उघडली. पान रिकामे होते, तरी तिने बोट फिरवले. उजव्या कडेची सरकती पट्टी आखूड झाली. तिने पुन्हा फिरवले. पट्टी आणखी आखूड झाली.

रत्ना थांबली. याचा अर्थ सरळ होता. एक्स्टेंशन काही अडवत नव्हते, फक्त झाकत होते. पांढऱ्याच्या मागून सगळे पूर्वीसारखेच चालले होते: माणसे नाचत होती, भांडत होती, विटा वाहत होती, फक्त तिला दिसत नव्हती. उलगडा अचूक होता. तरी तिने खुर्ची जरा मागे सरकवली.

मग लॅपटॉपमधून कुकारा आला.

रानात एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत, वाडीची तशी रीतच आहे. नाव ऐकायला भलतेच कोणी टपलेले असते म्हणतात. म्हणून प्रत्येक घराचा आपापला कुकारा, म्हणजे बिनशब्दांची लांब साद, असतो, कुणाचा शेवटी चढणारा, कुणाचा मधेच तुटणारा. रत्नाच्या घराचा दोनदा तुटून खाली उतरे. पांढऱ्या पानातून आला तो दोनदा तुटला आणि खाली उतरला.

झाकण काढायचे बटण वरच्या कोपऱ्यात होते. रत्नाचा हात तिथवर गेला आणि तिथेच राहिला. ते बटण दाबले की पान नव्याने उघडते, आणि नव्याने उघडले की यादी बदलते. हे तिने पहिल्याच दिवशी पाहिले होते. भावाला बघायला गेली असती तर तो नाहीसा झाला असता. न बघता ती बसली तेवढा वेळ तो तिथे होता.

कुकारा पुन्हा आला. तोच, तसाच, मधल्या श्वासासकट. व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होत होता, इतकेच. रत्नाने मोबाईल लॅपटॉपजवळ धरला आणि आवाज रेकॉर्ड करून घेतला. मग लॅपटॉप मिटला आणि उरलेल्या नळ्यांची लेबले दोन्ही हातांनी लावली.

संध्याकाळी जीपमधून उतरून वाडीकडे चालताना तिने परीक्षा कशी घ्यायची ते ठरवले. आईला आधी काही सांगायचे नाही. आपला चेहरा दिसू नये म्हणून तिच्याकडे पाठ करून बसायचे, अचानक रेकॉर्डिंग लावायचे आणि ती काय म्हणते ते ऐकायचे. आशा धरून ऐकणाऱ्याचे कान फसतात. तिचे स्वतःचे तर नक्कीच फसले असते.

आई, ठकू, अंगणात तांदूळ पाखडत होती. रत्ना पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसली, मोबाईल मांडीवर घेतला, रेकॉर्डिंग काढले. अंगठा बटणावर आणला.

मागे सूप थांबले. ठकूने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि घराचा कुकारा दिला, समोरच्या डोंगराच्या दिशेने. मग पुन्हा पाखडू लागली.

रत्नाने मोबाईलकडे पाहिले. बटण तिने दाबलेच नव्हते.

"आये, कोणाला दिलास?"

"नवशाला. त्यानं दिला तर उत्तर नको द्यायला?"

"कधी दिला?"

"आत्ताच नाय का? रोज याच वखताला देते पोर. तुज्या कानाला त्या डबड्याशिवाय काय ऐकू येतंय काय गो?"

रत्नाने ऐकले. डोंगराकडून वारा येत होता. दूर एक बकरी ओरडली. बाकी काही नव्हते. तिने आता उघडपणेच रेकॉर्डिंग लावले. पांढऱ्या पानातला कुकारा अंगणभर झाला.

ठकूने मान वाकडी करून तो शेवटपर्यंत ऐकला. "हा नाय," ती म्हणाली. "हा दुसराच कोण. घरचाच आवाज काढतोय, पन घरचा नाय. बंद कर तो."

"आये, नीट ऐक."

"ऐकला. बंद कर म्हनते ना!"

रत्नाने ते रेकॉर्डिंग पुसून टाकले. साइट त्यानंतर तिने उघडली नाही. लॅबमध्ये तिची चूक झाली नाही. गोजर सरांनी तिच्यासमोर रक्तगट तपासणीच्या साहित्याचे कपाट उघडून किल्ली तिच्याच हाती दिली. संध्याकाळी मात्र ती सरळ घरी येऊन अंगणात बसू लागली, डोंगराकडे तोंड करून. वय झाले की कानात आवाज येतात, एकटेपणात माणूस ठरल्या वेळी ठरले ते ऐकतो, हे सगळे ती स्वतःला रोज समजावून सांगे, आणि सांगताना श्वास रोखून धरी, म्हणजे काही ऐकू आले तर त्यात अडथळा नको. याला जोडायचे एक्स्टेंशन कुठे नव्हते.

पाखडता पाखडता एके संध्याकाळी ठकू थांबली, हात तोंडाशी नेले आणि तिला ठसका लागला. कोंडा घशात गेला होता. डोळ्यांत पाणी आले, शब्द फुटेना. तिने रत्नाला कोपराने डिवचले आणि डोंगराकडे बोट दाखवले.

"दे ना गो," ती कशीबशी म्हणाली. "थांबलाय तो."

रत्नाला काहीही ऐकू आले नव्हते. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले, कुकारा दिला, दोनदा तोडून, खाली उतरवत. आणि मग दोघी ऐकत बसल्या.