शिंगाचं अमृत आणि ओली सुपारी

काझीरंगाच्या जंगलालगत आमचं घर. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी तामूल-पान, म्हणजे सुपारी नि विड्याचं पान द्यायचं, मग तो चोर का असेना. त्या दिवशी आलेला चोरच निघाला.

चकचकीत बुटातला तो परका माणूस ओसरीवर बसला आणि आमच्या बोलीत मला ताई म्हणाला. “बाइदेउ, गेंडा कुठल्या वाटेनं येतो तेवढं सांगा. शिंग म्हणजे अमृत हो!” त्यानं खिशातून भुकटीची कुपी काढली. “चिमूटभर घेतली की ताप, धाप, चक्कर, सगळं पळतं.”

माझं डोकं सणकलं. पण पाहुणा तो पाहुणा. मी तबकात पान, चुना आणि ओली सुपारी पुढे केली. आम्ही ती दिवसभर चघळतो, नवख्याला मात्र ती झेपत नाही. एवढंच सांगायचं मी मुद्दाम विसरले.

त्यानं ऐटीत विडा तोंडात कोंबला. कान लाल झाले, दरदरून घाम फुटला आणि स्वारी खांबाला मिठी मारून बसली.

“बाइदेउ, घर फिरतंय!”

“मग घ्या की चिमूटभर अमृत!”

“अहो, चेष्टा काय करता? शिंग काय नि नखं काय, एकच! नखं खाऊन चक्कर जाते का कधी? डॉक्टर बोलवा!”

डॉक्टर लांब होता. माझा वनरक्षक नवरा दिंबेश्वर मात्र मागे विहिरीवर आंघोळ करत होता.

“अहो, पाहुणे आलेत!”

दिंबेश्वर गमछा गुंडाळून, डोक्यावरच्या फेसासकट आला. कुपी पाहून त्याला सगळं कळलं.

“वनखात्यातर्फे स्वागत,” तो म्हणाला. “अगं, यांना अजून एक तामूल दे.”

पाहुण्यानं दोन्ही हात पुढे केले.

“बेड्या घाला साहेब, पण तामूल नको!”